ऑटिझम असलेल्या सात वर्षांच्या मुलाला गोव्यातल्या वॉटर पार्कला न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा, मोजकंच बोलतो, पाण्याचं प्रचंड वेड. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून गोव्याला यायचं ठरतंय, मोठ्या बहिणीने वॉटर पार्कचा हट्ट धरलाय आणि घरचे म्हणताहेत, "त्याला आजीकडे ठेवा." ताई, आजीकडे ठेवू नका, आणा. फक्त नाताळात आणू नका.

मी म्हापशाची, माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. २० डिसेंबर ते २ जानेवारी कळंगुट-बागा-हणजुणे भागात आम्ही इथले लोकही कामाशिवाय फिरकत नाही. गाडी तासन् तास एका जागी, रात्री बीचवर गाणी, एकतीसला फटाके. जानेवारीचा तिसरा आठवडा पाहा, मंगळवार किंवा बुधवार. शाळेत चार दिवस रजा टाका, कुणाचं काही बिघडत नाही. फेब्रुवारीत यायचं असेल तर कार्निव्हलच्या तारखा बघून घ्या.

आमची पहिली खेप सांगते, म्हणजे काय करू नये ते कळेल. मुलगा सहाचा होता. दीर-जाऊबाई मुंबईहून आलेले, सगळे मिळून इथल्याच एका वॉटर पार्कला गेलो. आत शिरल्या-शिरल्या पाय धुवायची जागा होती आणि तिथलं पाणी एका लोखंडी जाळीतून खाली जात होतं. हा तिथेच उकिडवा बसला. पाणी जाळीवर पसरायचं, मधे क्षणभर फुगा धरायचा आणि गुळगुळ करत आत जायचं. प्रत्येक वेळी हा हात फडफडवून हसायचा. अर्धा-पाऊण तास. भावजी म्हणाले, "वहिनी, एवढं तिकीट काढून मोरीचं पाणी बघायला आलो का आपण?" मला लाज वाटली. खरंच, माझ्याही डोक्यात पैसे वसूल करायचा हिशेब चालू होताच. त्याला उचलून लाटांच्या तलावाकडे नेलं. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो हे मला माहीतच नव्हतं. भोंगा झाला, मागे रेन डान्सचा डीजे सुरू झाला, वर शिट्ट्या. तो जमिनीवर पडून डोकं आपटायला लागला, मी मधे हात घातला तर हाताला चावला. आजूबाजूला माणसं जमली. एक बाई म्हणाल्या, दृष्ट काढा. दुसऱ्याने मोबाईल काढला. चूक पार्कची नव्हती, आमची होती: मूल मजेत होतं आणि आम्ही त्याला मजा करायला दुसरीकडे ओढत नेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, पण तयारी करून.

सगळ्यात आधी पोशाख. बहुतेक वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राच लागतं. आपल्या मुलांना शिवण टोचते, लेबल टोचतं, अंगाला घट्ट नको असतं. लेबल उसवून टाकलं आणि आठवडाभर रोज त्याच पोशाखात आंघोळ. मनगटाच्या कागदी पट्ट्याचीही घरी सवय केली. पाच चित्रांची पट्टी बनवली: गाडी, गेट, पाणी, डबा, घर. 'घर' हे चित्र फार कामाचं, कारण हे सगळं संपणार आहे हे त्याला दिसतं.

पार्कला आदल्या आठवड्यात फोन करा आणि मॅनेजरशी बोला. रांगेत न थांबता बाजूने सोडाल का, घरचा डबा चालेल का, भोंगा आणि डीजे किती वाजता असतात. बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. माझा मुलगा दहीभात आणि उंडा (गोव्याचा गोल पाव) सोडून काही खात नाही, म्हणून थेरपिस्टकडून दोन ओळींची चिठ्ठी घेतली होती. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर जवळ ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम धरलेला आहे, पण गेटवरच्या पोराला कायदा शिकवत उभं राहण्यापेक्षा आधी झालेला फोन जास्त उपयोगी पडतो. उघडायच्या वेळेला आत, जेवणाआधी बाहेर. दुपारी पायाखालची फरशी तापते, ती वेगळीच कटकट.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं पाण्याकडे ओढली जातात, न सांगता निघून जातात, आणि त्यांना बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. पोशाख केशरी किंवा पोपटी घ्या, निळा पाण्यात दिसतच नाही. "सगळे आहोत ना लक्ष ठेवायला" म्हणजे कुणीच नाही. आमच्याकडे अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी असते, आणि पाळी बदलताना "आता तुझ्याकडे" असं तोंडाने म्हणायचं, समोरच्याने "हो" म्हणायचं. बीचवरही हेच. 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक असतात तिथेच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, दिवस मावळायच्या आत.

राहायला हणजुण्याच्या आत गावात घर मिळालं तर उत्तम, फक्त पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा पों पों वाजवत पाव घेऊन येतो हे मुलाला आधी ऐकवून ठेवा. आमच्याकडे आलेल्या भाच्याने घाबरून पलंगाखाली मुक्काम ठोकला होता!

राहिली मोठी बहीण. तिच्यासाठी दोघांपैकी एकाने संध्याकाळपर्यंत पार्कात थांबावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन दुपारी एक वाजता निघावं. दोन गाड्या किंवा टॅक्सी आधीच ठरवा. तिला 'भावामुळे लवकर निघालो' असं होऊ देऊ नका. माझ्या मुलीला आम्ही तसं दोनदा केलंय, ती अजून ऐकवते.

आणि आत शिरल्यावर तो जाळीपाशी बसला तर बसू दे. आम्ही आता टॉवेल अंथरून शेजारी बसतो.