ट्यूनर बरोबर दाखवतो, मग परीक्षक बेसूर का म्हणतात?

प्रश्न: आमची सेलूला बँड पार्टी आहे. मुलगा अकरावीत आहे. पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या मामांनी त्याला डबल फ्रेंच हॉर्न दिला, शिकवलंही. नुकत्याच झालेल्या स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला, 'सूर हलतो, गंधार चुकतो.' मोबाईलवरचा ट्यूनर मात्र बरोबर दाखवतो. जानेवारीत मुंबईला स्पर्धा आहे, सात मिनिटांची, पियानोच्या साथीवर. त्याला रिचर्ड स्ट्राउसचा पहिला कॉन्चेर्टो वाजवायचा आहे. वाजवू द्यावा का? आणि यात पुढे नोकरी आहे का?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

नोकरीचं शेवटी लिहितो. आधी सुराचं बघू, कारण तिथेही परीक्षा सुराचीच होते.

पहिल्यांदा त्याचा उजवा हात बघा. वरातीत चालताना हॉर्न नुसता धरला जातो, हात घंटेच्या (हॉर्नच्या पसरट तोंडाच्या) आत जात नाही. त्या स्थितीत ट्यूनर लावला आणि मंचावर हात आत घातला, तर सूर उतरणारच. घंटा जितकी झाकाल तितका स्वर खाली येतो. म्हणून हाताची जागा एकदा ठरवायची, बोटं मिटून घंटेच्या आत, अंगापासून लांबच्या भिंतीला टेकवायची आणि ट्यूनरसमोरही हात तिथेच ठेवायचा.

दुसरं, तापमान. गरम झालं की पितळ फुगतं आणि सूर उतरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात नळीतली हवा तापते आणि सूर चढतो, एका अंशाला सुमारे 3 सेंट. (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) पितळ फुगण्याचा परिणाम इतका कमी असतो की कानाला कळतही नाही. डिसेंबरच्या सकाळी थंड हॉर्न लावून घेतला की वाजवता वाजवता तो वर जातो. एसी हॉलमध्ये नंबराची वाट बघत बसलं की उलटं होतं, लावलेला हॉर्न उतरतो. त्यामुळे पंधरा मिनिटं वाजवल्याशिवाय स्लाइडला (सूर जुळवायच्या सरकत्या नळीला) हात लावायचा नाही, आणि मंचावर जाण्याआधी आवाज न काढता नळीत गरम श्वास सोडत राहायचं.

आता लावण्याची रीत. ट्यूनर 440 हर्ट्झवर ठेवा. पाच रेषांमधल्या तिसऱ्या मोकळ्या जागेतला सी वाजवायचा. हॉर्न लिहिलेल्यापेक्षा पाच स्वर खाली बोलतो, म्हणून ट्यूनरवर एफ दिसेल. डबल हॉर्नला एफ आणि बी फ्लॅट अशा नळ्यांच्या दोन बाजू असतात, अंगठ्याच्या कळीने बाजू बदलते. आधी ती कळ वापरून बी फ्लॅट बाजूवर वाजवायचा आणि मुख्य स्लाइडने जुळवायचा. ती स्लाइड सहसा दोन्ही बाजूंना लागू होते, म्हणून तिला पहिला मान. मग तोच स्वर एफ बाजूवर घ्यायचा आणि फक्त एफच्या स्लाइडने जुळवायचा. एफ बाजूची नळी सुमारे 3.7 मीटर असते. स्लाइड 1 सेंटीमीटर ओढली की नळी 2 सेंटीमीटरने वाढते आणि स्वर सुमारे 9 सेंट उतरतो. बी फ्लॅट बाजू आखूड, तिथे तेवढ्याच ओढण्याने सुमारे 12 सेंट उतरतो. व्हॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या कळांच्या) स्लाइड नंतर, एकेक करून. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की स्वर जवळजवळ 30 सेंट चढतो. हा वाद्यातला दोष नव्हे. त्या दोन व्हॉल्व्हच्या नळ्यांची लांबी मिळून गरजेपेक्षा कमी पडते, म्हणून तसं होतं. अशा ठिकाणी दुसऱ्या बाजूवरची बोटं शोधायची.

आता परीक्षकांचा गंधार. एफ बाजूवर काहीही न दाबता सर्वांत खालच्या रेषेवरचा ई वाजतो, तो हॉर्नच्या नैसर्गिक स्वरमालेतला (एकाच नळीतून आपोआप निघणाऱ्या स्वरांच्या ओळीतला) पाचवा स्वर. तानपुऱ्याच्या खरजातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोही पाचवाच. दोन्हींचं गणित एक आहे. हार्मोनियमचा किंवा पियानोचा गंधार यापेक्षा 14 सेंट वर असतो आणि मोबाईलचा ट्यूनर त्यांच्याच बाजूने बोलतो. मुलाला ट्यूनर लाल दिसतो, तो ओठ आवळून स्वर वर ढकलतो, ओठ थकले की स्वर खाली घसरतो. 'सूर हलतो' हा शेरा बहुतेक इथूनच आलेला आहे.

यावर उपाय असा. रोज वीस मिनिटं तानपुरा ॲप पांढरी चारवर लावून लिहिलेले सी, ई, जी लांब श्वासात धरायचे, ट्यूनर न बघता. तानपुऱ्यावर ई आपोआप मिसळला की ओठ ढिले राहतात. चार हॉर्न मिळून स्वरसंघ वाजवत असतील तर हाच उतरता गंधार योग्य. पियानोबरोबर मात्र पियानोचंच ऐकावं लागतं. तिथे ओठांनी ओढाताण न करता तोच ई बी फ्लॅट बाजूवर दुसऱ्या व्हॉल्व्हने घ्यायचा. तो पियानोच्या जवळ बसतो. हॉलमधला पियानो 440 वर असेलच असं नाही, म्हणून साथीदाराकडून एफ आणि बी फ्लॅट दोन्ही मागून घ्या.

रचनेबद्दल माझं मत ठाम आहे, स्ट्राउस या वर्षी नको. कॉन्चेर्टो सुंदर आहे, पण साथीचा एक ठोका पडतो आणि हॉर्न एकटाच ललकारी देत सुरू होतो. त्यात सूर थोडा जरी सरकला, तरी पियानो परत आल्यावर सगळ्या हॉलला कळतं. शिवाय उंच स्वर वारंवार येतात. दोन वर्षं थांबू द्या.

त्याऐवजी सां-सांसचा रोमान्स, ओपस 36, घ्या. तो एफ मेजरमध्ये आहे. म्हणजे सा पांढरी चारचाच, रोजच्या रियाजाचा. लांब श्वास आणि गोल आवाज, हेच त्यात दाखवायचं असतं. सुमारे चार मिनिटं होतात. नियमात बसत असेल तर जोडीला कोप्राशचा एक जलद एट्यूड (सरावाची छोटी रचना). नसेल बसत तर रोमान्स एकटा पुरे, सात मिनिटं भरलीच पाहिजेत असं नाही. मोझार्टचा हॉर्न कॉन्चेर्टो, के. 447, पुढच्या वर्षासाठी ठेवा. तो ई फ्लॅटमध्ये आहे, तेव्हा एफ हॉर्नचा भाग दिलेली प्रत मागवा, नाहीतर वाजवताना स्वर बदलत बसावं लागेल.

रचना पक्की झाली की नाही हे असं ओळखा: हॉर्न नीट गरम झाल्यावर लागोपाठ तीनदा पूर्ण वाजवून रेकॉर्ड करायची आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा स्वर पहिल्या वेळच्या शेवटच्या स्वराशी ताडून बघायचा. चढलेला असेल तर तो ओठांवर दाब देऊन वाजवतो आहे. रियाजात विश्रांती वाढवा, तास वाढवू नका.

आता नोकरी. आपल्याकडे हॉर्नवादकाच्या पगारी जागा मुख्यतः गणवेशात आहेत: वायुदल, नौदल आणि सैन्यदलाचे बँड, पोलीस व राज्य राखीव पोलीस दलाचे (एसआरपीएफ) बँड. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तिथली पातळी गाठायला अनेक वर्षांची तालीम लागते. वायुदलाच्या अग्निवीरवायू संगीतकार भरतीला दहावी उत्तीर्ण असावं लागतं. चाचणीत वादन तर असतंच, शिवाय वाद्य स्वतः जुळवणं आणि ऐकवलेला अनोळखी स्वर ओळखून मिळवणं तपासतात. वरचा तानपुऱ्याचा रियाज त्यासाठीही कामी येतो. धावणं आणि वैद्यकीय तपासणी चुकत नाही, म्हणून सकाळचं पळणं आत्तापासून सुरू करा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा दिल्या तर स्टाफ नोटेशन (पाच रेषांची स्वरलिपी) पक्कं होतं. वयाची अट प्रत्येक जाहिरातीत बघून घ्या. बारावी मात्र पूर्ण होऊ द्या, बँडच्या सीझनसाठी परीक्षा बुडवू नका.