कृत्रिम भाषा रचताना क्रियापदाचे ‘अर्थ’ किती ठेवावेत?

तुम्ही रचत असलेल्या भाषेसाठी अकरा अर्थांचा (म्हणजे आज्ञा, इच्छा, शक्यता असा बोलण्याचा हेतू दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपांचा) तक्ता दिलाय आणि विचारलंय, एवढे पुरेत की आणखी हवेत? मी म्हणेन, आकडा राहू द्या, आधी कामं मोजा. शाळेत आपण चारच अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पण एकट्या विध्यर्थाला आपण किती राबवतो! ‘मुलांनी लवकर उठावं’ हे कर्तव्य, ‘आपण बसावं’ ही विनंती, ‘आता पाऊस यावा’ ही इच्छा, आणि ‘त्याने तरी काय करावं?’ ही हतबलता.

झामेनहॉफने 1887 साली एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा मांडली, तेव्हा त्यानेही काटकसरच केली. आज्ञा, इच्छा, सूचना सगळ्यांना एकच ‘-उ’ प्रत्यय. ‘ली वेनु’ म्हणजे त्याने यावं, ‘चु मी वेनु?’ म्हणजे मी येऊ का? मराठीत इथे दोन वेगळी रूपं लागतात, तिथे एक पुरतं. ही रेघ कुठे ओढायची, यातच तुमच्या भाषेचा स्वभाव ठरतो.

दुसरं, प्रत्येक छटेला प्रत्यय कशाला? तुर्की भाषा ऐकीव माहितीसाठी क्रियापदाला ‘-मिश’ जोडते. आपण ‘तो आला म्हणे’ म्हणून मोकळे होतो. अकरा अर्थ, तीन काळ आणि सहा पुरुष-वचनं सरसकट गुणलीत तर 198 रूपं होतात. ती तुमच्याच लक्षात राहणार नाहीत.

तुमच्या तक्त्यात नकार कुठेच दिसला नाही. मला तर सगळ्यात मजेची जागा तीच वाटते. ‘तो येत नाही’, ‘तू येऊ नको’, ‘त्याने येऊ नये’, ‘तो आला नसता तर’: मराठीत अर्थ बदलला की नकारही बदलतो. ‘ये’चं नकारार्थी रूप करताना क्रियापदही ‘येऊ’ होतं. अशी एखादी विषमता मुद्दाम ठेवा. होकारात दोन अर्थ सारखे दिसू द्या आणि नकारात वेगळे पाडा. भाषा लगेच वापरातली वाटायला लागते.

भाषेला इतिहास द्यायचा असेल तर संस्कृतकडे बघा. वेदांमधला लेट् लकार (इच्छा, संभाव्यता दाखवणारी क्रियापदाची रूपं) पुढे लोप पावला, पण त्याची उत्तम पुरुषाची, म्हणजे ‘मी’-‘आम्ही’ची रूपं लोट्‌मध्ये, म्हणजे आज्ञार्थात, जाऊन बसली. ‘करवाणि’ हे त्यातलंच. तुमचाही एखादा अर्थ असाच मोडून त्याचे अवशेष दुसऱ्यात ठेवता येतील.

आणि बोलणारे लोक कोण, हेही ठरवा. ‘स्टार ट्रेक’मधल्या लढवय्या क्लिंगॉन लोकांसाठी मार्क ओक्रँडने रचलेल्या क्लिंगॉन भाषेत ‘करायला भिणे’ यासाठी ‘-वीप’ प्रत्यय आहे, पण ‘मी’ किंवा ‘आम्ही’सोबत तो सहसा वापरत नाहीत. योद्ध्याने तसं बोलणंच निषिद्ध!

तुमच्या अकरांतले ‘शक्यता’ आणि ‘संशय’ मी एकत्र करेन, ‘ऐकीव’ला सुटा शब्द देईन, आणि ‘आशीर्वाद’ फक्त दोन-चार ठरावीक वाक्यांपुरता ठेवेन, आपल्या ‘देव भलं करो’सारखा. उरलेल्यांची नकारार्थी वाक्यं लिहून इथेच टाका, मग पुढे बोलू.