गुगलवरच्या जाहिरातीचे पैसे नेमके जातात कुठे? वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे होते, की गुगलवर सगळं बदललंय, आधी शिकलेलं चालत नाही आणि पैसे मात्र जातायत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच देत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी विश्वासाने खर्चाचे हिशोबसुद्धा पाठवलेत.

प्रश्न: ताई, आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. यंदा दलालाकडे माल न देता थेट पुण्या-मुंबईला पेट्या पाठवायचं ठरवलं आणि गुगलवर परफॉर्मन्स मॅक्सची जाहिरात लावली, रोजचे ५०० रुपये. एका दिवशी ९४० कापले गेले! फोन येतात पण कुणी कलमं मिळतील का विचारतं, कुणी आजचा भाव विचारतं. दहा दिवसात चार पेट्या गेल्या. बंदच करू का? (बागायतदार, रत्नागिरी)

दादा, बंद नका करू पण आज रात्रीच्या रात्री थांबवा, म्हणजे पॉज करा, आणि हे वाचून मग पुन्हा काय चालू करायचं ते ठरवा.

आधी ९४० चं सांगते. तुम्ही टाकलेले ५०० हे रोजची मर्यादा नसून सरासरी आहे. २०१७ पासून असा नियम आहे की ज्या दिवशी सर्च जास्त होतील त्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च होऊ शकतो, आणि महिन्याचा हिशोब ३०.४ पटीच्या वर जात नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत १५,२०० रुपये. आता गोम अशी की तुमचा हंगाम महिना-दीड महिन्याचा, त्यात तुम्ही दहा-पंधरा दिवसात जाहिरात बंद केलीत तर त्या दिवसांचा खर्च ५०० गुणिले दिवस याच्या वर गेलेला असू शकतो. म्हणून खिशातून एका दिवसाला जास्तीत जास्त जेवढे जाऊ द्यायचेत त्याच्या निम्मा आकडा बजेटमध्ये टाका.

आता खरं दुखणं. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलेत ते मी नीट बघितले, आणि त्यात एक गोष्ट बघून मला वाईट वाटलं कारण ती तुम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. तुमच्या खात्यात कन्व्हर्जन (म्हणजे जाहिरातीतून जे काम व्हायला हवं ते) म्हणून 'पेज व्ह्यू', म्हणजे नुसतं पान बघणं, लावलंय. परफॉर्मन्स मॅक्स (पीमॅक्स म्हणतात त्याला) २०२१ ला आलं, त्यात सर्च, यूट्यूब, जीमेल, मॅप्स आणि बाकीच्या साइट्स सगळीकडे मशीनच जाहिरात लावतं आणि तुम्ही ज्याला 'काम झालं' म्हणाल तेवढंच ते शिकतं. तुम्ही पेज बघितलं की काम झालं म्हणालात, तर ते पेज बघणारी माणसं शोधून आणतंय, पेटी घेणारी नाही. त्यात कलमं शोधणाराही पेज बघतो आणि आमरसाची रेसिपी शोधणाराही बघतो. ऑर्डर फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद, आपली ऑर्डर मिळाली' असं वेगळं पान उघडू द्या आणि कन्व्हर्जन फक्त त्या पानावर लावा. वेबसाइट केलेल्या पोराला सांगितलं तर तासाभराचं काम आहे.

दुसरं, लोकेशन. तुम्ही पुणे आणि मुंबई टाकलंय ते बरोबर, पण त्याच्या खाली लोकेशन ऑप्शन्स म्हणून एक बारीक ओळ असते ती उघडलेली नाहीये. तिथे आपोआप जो पर्याय निवडलेला असतो त्याचा अर्थ 'या ठिकाणी असलेले किंवा या ठिकाणात रस असलेले' असा होतो. म्हणजे दिल्लीत बसून कुणी मुंबईचा आंब्याचा भाव शोधला तरी तो तुमचा गिऱ्हाईक धरला जातो. तिथे 'प्रेझेन्स', म्हणजे प्रत्यक्ष तिथे असलेले, हा पर्याय निवडा. एक अपवाद आहे, आणि तो आपल्याकडे खूप मोठा आहे. पोरगा न्यू जर्सीत आणि आई-वडील कोथरूडमध्ये, आणि अक्षय्य तृतीयेला त्याला घरी पेटी पाठवायचीय. असं गिऱ्हाईक हवं असेल तर त्याच्यासाठी अमेरिका, दुबई टाकून वेगळी छोटी कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, करा, सगळं एकाच भांड्यात नको.

तिसरं म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे कुठल्या शब्दांवर आपली जाहिरात दाखवायची नाही ती यादी. पीमॅक्समध्ये ही यादी स्वतःची स्वतः कॅम्पेनला लावायची सोय आधी नव्हती, २०२५ ला आली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून 'होत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कलम, रोप, रेसिपी, भाव, लागवड, फवारणी हे सगळं त्यात टाका. पण मराठीवाल्यांनी इथे एक काळजी घ्यायची, जी इंग्रजीतल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. ज्या कीवर्डवर जाहिरात दाखवायची त्यात गुगल जवळचे शब्द आपणहून धरतं, निगेटिव्हमध्ये मात्र स्पेलिंगच्या चुकांपलीकडे काही धरत नाही, एकवचन-अनेकवचनसुद्धा नाही. आपल्या भाषेत तर कलम, कलमं, कलमांचा, कलमाची असे एकाच शब्दाचे पाच-सहा अवतार! 'भाव' टाकला म्हणून 'दर' आणि 'रेट' अडत नाहीत. शिवाय निम्मे लोक मराठी रोमन अक्षरात टाईप करतात, तर प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत टाका. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एका संध्याकाळी बसून केलंत की पुढच्या हंगामालाही तीच यादी चालते.

आणि शेवटचं, माझं स्पष्ट मत: दिवसाला ५०० रुपये आणि महिन्याभराचा हंगाम एवढ्यात पीमॅक्सला शिकायला ना वेळ मिळतो ना ऑर्डरी. त्यापेक्षा साधी सर्च कॅम्पेन करा, म्हणजे फक्त गुगलच्या सर्चमध्ये दिसणारी, 'हापूस पेटी पुणे', 'रत्नागिरी हापूस ऑनलाइन' असे आठ-दहा कीवर्ड अवतरण चिन्हात टाका (त्याला फ्रेज मॅच म्हणतात), करताना सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्क (दोन्ही म्हणजे बाकीच्या साइट्सवर जाहिरात दाखवणं) यांपुढच्या टिकमार्क काढा, आणि रोज रात्री सर्च टर्म्स रिपोर्ट उघडून लोकांनी खरंच काय टाईप केलं ते वाचा. अजून एक, कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असेल तर ते जाहिरातीच्या हेडलाइनमध्ये लिहा, कारण शहरातल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती पेटीत दुसराच आंबा निघण्याची.

प्रश्न: मी आठ वर्षं मराठी रेसिपी लिहितेय. गेल्या वर्षभरात सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलवर किती दिसते ते सांगणारं गुगलचं टूल) इम्प्रेशन्स, म्हणजे लिंक दिसण्याचे आकडे, वाढलेत आणि क्लिक घटलेत. गुगल वरच उत्तर देऊन टाकतं मग माझ्याकडे कोण येणार? हे बंद करता येतं का? (लेखिका, नाशिक)

ताई, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि तुमचा राग मला कळतो, आठ वर्षं चुलीपुढे उभं राहून लिहिलेलं कुणीतरी चार ओळीत सांगून टाकायचं हे सोपं नाहीये सहन करायला.

काय झालं ते थोडक्यात. एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे सर्चच्या वरच मशीनने लिहिलेलं उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ ला आलं, आणि जुलै २०२५ पासून एआय मोडही सगळ्यांना दिसायला लागलं, जिथे माणूस एकामागून एक प्रश्न विचारत जातो आणि लिंका बाजूला राहतात. त्यात तुमच्या पानाची लिंक दिसली की सर्च कन्सोल ती इम्प्रेशन म्हणून मोजतं, पण ही आकडेवारी नेहमीच्या सर्चमध्येच मिसळून देतं, वेगळी काढून बघायची सोय नाही. म्हणून आकडा वाढलेला दिसतो आणि माणसं येत नाहीत.

बंद करायचं तर, काही जण रोबोट्स फाइलमध्ये (साइटवर कुणी काय वाचायचं ते सांगणारी फाइल) 'गुगल-एक्स्टेंडेड' अडवायला सांगतात, त्याचा इथे उपयोग नाही, ते गुगलच्या जेमिनी या एआयच्या ट्रेनिंगसाठी आहे, सर्चमधल्या ओव्हरव्ह्यूला ते लागू होत नाही. लागू होतं ते 'नोस्निपेट', म्हणजे पानातला मजकूर सर्चमध्ये दाखवू नका अशी खूण, पण त्याने साध्या निकालातली तुमच्या लिंकखालची ओळही जाते, मग उरलेले क्लिकही जातील. मधला मार्ग म्हणून 'डेटा-नोस्निपेट' आहे, तो पानाच्या एखाद्याच भागाला लावता येतो. मी म्हणेन की सगळ्या साइटला काही लावू नका, पाच पानांवर प्रयोग करून दोन महिने बघा.

मी तुमचं उकडीच्या मोदकांचं पान उघडलं. वर साहित्य, खाली कृती, सगळं व्यवस्थित आहे, पण नेमकं हेच उचलणं सगळ्यात सोपं. आणि मग अगदी तळाशी, खूप खाली, तुम्ही एक फोटो टाकलाय, चिरलेल्या मोदकाचा, आणि लिहिलंय की त्या दिवशी फोन आला, उकड परातीत गार झाली, मग पाण्याचा हात लावून मळली तरी पाकळ्या काढताना पारी फाटतच गेली. अहो हे वर आणा! गणपतीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता जिची पारी फाटतेय ती बाई 'मोदक का फुटतात' हे शोधते आणि तिला चार ओळी पुरत नाहीत, तिला आपल्यासारखाच फाटलेला मोदक बघायचा असतो. असे फोटो, तांदळाचं पीठ जुनं असलं की काय होतं, आंबेमोहोर आणि बासमती तुकड्यात फरक काय पडला, हे सगळं तुमच्याकडे आहे.

प्रश्न: माझ्या दुकानाची गुगलची फुकट वेबसाइट होती ती उघडतच नाही. त्यात परवा फोन आला की गुगलमधून बोलतोय, ४,९९९ भरून व्हेरिफिकेशन करा नाहीतर मॅपवरून दुकान काढून टाकू. भरू का? (किराणा दुकानदार, बार्शी)

काका, एक रुपयाही भरू नका. गुगल बिझनेस प्रोफाइल (आधी गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ ला नाव बदललं) पूर्ण फुकट आहे, व्हेरिफिकेशनही फुकट, हल्ली बऱ्याचदा दुकानाची पाटी, रस्ता आणि आतला भाग दाखवणारा व्हिडिओ मागतात, तो तुम्ही स्वतः मोबाइलवर काढून देऊ शकता. पैसे भरून झाले असते तर लगेच १९३० ला फोन करायला सांगितलं असतं, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, दुकानात भिंतीवर लिहून ठेवा. आणि आलेला ओटीपी कुणालाही नाही म्हणजे नाही.

फुकट वेबसाइट मात्र खरंच गेली, प्रोफाइलमधून बनवलेल्या सगळ्या साइट्स मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. प्रोफाइल शाबूत आहे ना ते बघा, तिथे वेबसाइटच्या जागी जुना पत्ता राहिला असेल तर काढा, फोटो नवीन टाका आणि सणासुदीच्या वेळा बदला. किराणा दुकानाला तेवढं पुरतं.

प्रश्न: गुगलच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो परत मिळतो का? आणि तो सहा टक्क्यांचा गुगल टॅक्स? (कापड व्यापारी, इचलकरंजी)

जीएसटीची नेहमीची नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, फक्त जाहिरातीच्या खात्यात बिलिंगमध्ये जाऊन जीएसटी नंबर आधीच टाकलेला हवा. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठराविक दराची योजना) असाल तर क्रेडिट नाही. सहा टक्क्यांची ती लेव्ही (परदेशी कंपनीला दिलेल्या ऑनलाइन जाहिरातीच्या पैशांवरचा कर) १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालीय. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

प्रश्न: मी कोथरूडमध्ये घरगुती डबे देते. जाहिरात मराठीत लिहावी का? मराठी भाषा निवडली तर जाहिरात फारशी दिसतच नाही. आणि मी रोज स्वतः सर्च करून बघते तर आता मला दिसायचीच बंद झालीय. (डबेवाल्या ताई, पुणे)

लिहावी, नक्की लिहावी! पण भाषेची सेटिंग वेगळी आणि जाहिरातीतले शब्द वेगळे. भाषेच्या सेटिंगमध्ये गुगल बघतं की माणसाला कुठली भाषा समजते, आणि त्याचा अंदाज फोनची भाषा वगैरे बघून लावतं. आपल्यातल्या किती जणांचे फोन इंग्रजीत असतात ते तुम्हीच बघा. तेव्हा तिथे मराठी, इंग्रजी आणि हिंदी तिन्ही निवडा आणि जाहिरात मराठीत लिहा.

लिहिताना जागा मोजून लिहा. आताच्या जाहिरातीत १५ पर्यंत हेडलाइन देता येतात, प्रत्येकी ३० कॅरेक्टरच्या, आणि गुगल त्यातल्या हव्या त्या जोडून दाखवतं. या तीसात आपले काना, मात्रा, वेलांट्या सगळे सुटे धरले जातात. 'कोथरूडमध्ये घरगुती डबा' ही डोळ्याला १२ अक्षरं, मोजली की मधल्या जागांसकट २२ होतात. म्हणून 'उत्कृष्ट', 'स्वादिष्ट' असले जोडाक्षरांचे शब्द सोडा, तसेही ते सगळेच लिहितात. 'भाजी रोज वेगळी', 'पोळ्या गरम', 'रविवारी सुट्टी' असं लिहा. हेडलाइन कुठल्याही क्रमाने जुळतात म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे.

आणि रोज स्वतः सर्च करणं आजपासून बंद. तुम्ही बघता आणि क्लिक करत नाही, त्यामुळे गुगलला वाटतं या बाईला यात रस नाही आणि तुम्हाला दाखवणं थांबतं, वर तुमचा क्लिकचा रेशोही, म्हणजे बघणाऱ्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं तो, खाली येतो. खात्यातच अ‍ॅड प्रिव्ह्यू म्हणून टूल आहे, त्यात बघा, आकडे बिघडत नाहीत. शेजारचे डबेवाले काय जाहिरात करतात ते बघायचं असेल तर अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, २०२३ पासून, कुणालाही फुकट उघडता येतं.

तुमच्या खात्यात वर ६२ टक्के असा ऑप्टिमायझेशन स्कोअर (गुगलच्या सूचनांप्रमाणे खातं किती लावलंय ते) दिसतोय आणि तो १०० करा म्हणून कुणीतरी फोनवर मागे लागलंय असंही लिहिलंयत. तो स्कोअर कमी असला म्हणून जाहिरात खाली जात नाही, जाहिरातीचा दर्जा सांगणारा क्वालिटी स्कोअर वेगळा. त्यातल्या सूचना एकेक वाचा, बजेट वाढवायच्या असतील त्या सरळ डिसमिस करा, आणि ऑटो-अप्लाय, म्हणजे सूचना आपोआप लागू होणं, चालू असेल तर बंद करा, नाहीतर सकाळी भाज्या निवडत असाल तेव्हा तिकडे कीवर्ड बदललेले असतील. चाळीस डब्यांच्या वर तुम्हाला घ्यायचेच नाहीयेत ना, मग चाळीस झाले की जाहिरात पॉज करून टाका आणि कुणी डबा सोडला की परत चालू करा.