'नेव्हर हॅव आय सीन': जोर आणि पदक्रम

परळहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन' या वाक्यात प्रश्न नसतानाही 'हॅव' हे 'आय'च्या आधी का येते, आणि जोर देण्यासाठी इंग्रजीतले कोणतेही वाक्य असे उलटवता येते का.

तसे उलटवता येत नाही. जोर येतो तो 'नेव्हर' आरंभी आणल्यामुळे. साहाय्यक क्रियापदाने कर्त्याच्या पुढे येणे ही त्यानंतर व्याकरणाने घातलेली सक्ती आहे. 'येस्टरडे आय सॉ हिम ॲट दादर' यातही 'येस्टरडे'ला पुढे आणून उठाव दिलेला आहे, पण म्हणून 'येस्टरडे डिड आय सी हिम' असे कोणी लिहीत नाही. येथे क्रम बदलतो तो नकारामुळे, आणि तो नकारही संपूर्ण विधानाला लागू असावा लागतो. 'ॲट नो टाइम डिड द ट्रेन स्टॉप' म्हणजे गाडी कधीच थांबली नाही. 'इन नो टाइम द ट्रेन स्टॉप्ड' म्हणजे ती लगेच थांबली. 'नो टाइम' दोन्हींकडे आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात थांबण्याची क्रिया घडली आहे, त्यामुळे क्रम सरळच राहिला. मला तरी या जोडीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडत नाही.

'हार्डली', 'सेल्डम', 'नो सूनर' यांचे वागणे 'नेव्हर'सारखेच आहे. 'ओन्ली' मात्र कशाला जोडले आहे ते पाहावे लागते: 'ओन्ली देन डिड शी स्पीक', पण 'ओन्ली शी स्पोक'. जुन्या इंग्रजीच्या मुख्य वाक्यात आरंभी कोणतेही पद आले तरी क्रियापद बहुधा दुसऱ्या स्थानी येई. जर्मन आणि डच भाषांनी ते वळण आजही राखले आहे, आणि इंग्रजीतली ही रचना त्याचाच अवशेष आहे. 'हिअर कम्स द ट्रेन' हा प्रकार वेगळा, कारण तेथे मुख्य क्रियापदच आधी येते आणि कर्ता सर्वनाम असला की क्रम पुन्हा सरळ होतो: 'हिअर इट कम्स'.

आपला घोटाळा मराठीच्या सवयीमुळे होतो. 'असा पाऊस मी कधीच पाहिला नाही' आणि 'कधीच पाहिला नाही मी असा पाऊस' ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो, कारण कर्ता-कर्माचे नाते प्रत्यय आणि क्रियापदाचे रूप सांभाळते, आणि जोराचे बरेचसे काम 'च' करतो. इंग्रजीत ते नाते मुख्यतः स्थानावरून कळते, म्हणून तेथे इतकी मोकळीक नाही.

परीक्षेत हमखास चुकते ते 'नॉट ओन्ली'चे वाक्य. 'नॉट ओन्ली ही केम लेट' हे अशुद्ध; 'नॉट ओन्ली डिड ही कम लेट' हे शुद्ध. मात्र उलटापालट या पहिल्या भागापुरतीच असते, पुढचा भाग 'बट ही ऑल्सो फरगॉट द टिकेट' असा सरळच लिहावा.