अकराव्या क्रमांकाचं शून्य

प्रश्न : युरोव्हिजन गीतस्पर्धेत ब्रिटनला चक्क शून्य गुण पडल्याचं वाचलं. इतक्या देशांत एकालाही गाणं आवडू नये? आमचा महिला गट कालिदास कलामंदिरात कराओके ट्रॅकवर गाणार आहे, म्हणून धास्तीच घेतली.
– एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, न आवडणं वेगळं आणि पहिल्या दहात न येणं वेगळं. तिथे 2015 पर्यंत प्रत्येक देश दहाच गाण्यांना गुण द्यायचा : 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत. अकराव्याला भोपळा. 2003 साली ब्रिटनला शून्य पडलं, तेव्हा लॅटव्हियातल्या रीगामध्ये 26 देश होते. उरलेल्या पंचविसांनी ब्रिटनला अकरावं धरलं असतं तरी बेरीज शून्यच. तुमचे परीक्षक प्रत्येक गटाला दहापैकी गुण देत असतील, तर ही भीती सोडा.

पण जेमिनी ही ब्रिटिश जोडी त्या रात्री बेसूर गायली, हेही खरं. ब्रिटन इराक युद्धात उतरल्याचा राग इतर देशांनी काढला, असं तेव्हा बोललं गेलं. असेलही, पण पहिलं कडवं ऐकल्यावर युद्धापर्यंत जायची गरज उरत नाही. मंचावर ट्रॅक नीट ऐकूच येत नव्हता, असं त्यांचं म्हणणं. 1999 पासून तिथे वाद्यवृंद नाही : संगीत ट्रॅकवरचं, मुख्य आवाज मात्र थेट. पेटीवाला तुम्हाला सांभाळून घेतो, ट्रॅक घेत नाही.

तुमचंही इथेच बिनसू शकतं. प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आवाज मंचावर बोथट होऊन, भिंतीवरून उशिरा येतो. दहा मीटरला साधारण 30 मिलिसेकंद. म्हणून गायिकांकडे तोंड केलेले दोन मॉनिटर, म्हणजे मंचावरचे स्पीकर, मागून घ्या आणि त्यांत आवाजापेक्षा ट्रॅक थोडा वर ठेवायला सांगा. माइकची पाठ मॉनिटरकडे हवी, नाहीतर शिट्टी वाजते. माइकची जाळी मुठीत धरली तरी तेच. ट्रॅकची पट्टी आधी पेटीवर ताडून पाहा : सराव काळी एकमध्ये आणि ट्रॅक काळी दोनचा, असं सर्रास होतं. गाणं थेट आवाजानेच सुरू होत असेल, तर ट्रॅकच्या आधी चार ठोके आणि षड्ज जोडून घ्या. साउंड चेकला नुसतं 'हॅलो, हॅलो' नको. पहिलं कडवं सगळ्यांनी मिळून पूर्ण म्हणा.

ब्रिटनचं 2021 चं शून्य निराळं. रॉटरडॅमला त्यांचा गायक जेम्स न्यूमन याला परीक्षक आणि प्रेक्षक दोघांनीही काही दिलं नाही. त्यावर मॉनिटरचा इलाज नाही. गाणं निवडतानाच बघायला हवं होतं.