टाउनशिप म्हणजे मगरपट्टा नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला नोकरी ठरली आहे, शहरातलं घर परवडत नाही, आणि एजंटने वेबस्टर टाउनशिपमधलं पाच एकरांतलं घर दाखवलंय. तिथे मेंटेनन्स किती, क्लबहाउस आहे का, शाळा कोणती?

मेंटेनन्स नाही, क्लबहाउस नाही, गेटही नाही. पुण्यात मगरपट्ट्यासारखी टाउनशिप बिल्डर बांधतो, मिशिगनमध्ये ती मोजणीदाराने आखली. 1785 च्या कायद्याने इकडची जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत कापली. एका चौकोनात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा, आणि सोळावा शाळेच्या खर्चासाठी राखीव. हा भाग ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी आणि वायंडॉट या मूळनिवासी लोकांकडून 1807 च्या डेट्रॉइट करारात काढून घेतला होता. 1825 मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि न्यूयॉर्ककडचे शेतकरी लोंढ्याने आले. नकाशा उघडून बघा: वेबस्टरची उत्तर हद्द म्हणजे डेट्रॉइटचा एट माइल रोड ज्या रेषेवर आहे तीच मोजणीची बेसलाइन, म्हणजे जिथून चौकोन मोजायला सुरुवात झाली ती रेषा, आणि दक्षिणेला बरोबर सहा मैलांवर जॉय रोड. वेबस्टर ज्यात येतं त्या वॉशटनॉ काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) असे वीस चौकोन, पाच पाचच्या चार ओळी. (शेजारच्या चौकोनाचं नाव लिहितात लिमा, म्हणतात लाइमा. मी तिथेच राहतो.)

या चौकोनावरच गावगाडा बसवलाय. सुपरवायझर म्हणजे साधारण सरपंच, क्लर्क म्हणजे कारकून नव्हे तर निवडणुका आणि दप्तर सांभाळणारा निवडून आलेला अधिकारी, शिवाय खजिनदार आणि ट्रस्टी. पाच किंवा सात जणांचं बोर्ड, मुदत चार वर्षांची. झोनिंग त्यांच्या हातात: कोंबड्या पाळायच्या, मोठी शेड टाकायची, जमिनीचे तुकडे करायचे, तर तिथेच जावं लागतं. व्हिसावर असाल तर मत देता येत नाही, पण बैठकीत उभं राहून बोलता येतं. बोला, ऐकतात.

रस्ते मात्र टाउनशिपचे नाहीत, 1931 च्या कायद्याने ते काउंटीच्या रोड कमिशनकडे गेले. स्वतःचे पोलीस नाहीत, काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिचा पोलीसप्रमुख, आणि त्याची माणसं येतात. शाळेची हद्द तर टाउनशिपशी जुळतच नाही. पत्त्यात अ‍ॅन आर्बर लिहिलेलं असतं म्हणून अ‍ॅन आर्बरची शाळा मिळेल असं समजू नका, तो फक्त पोस्टाचा पत्ता. नेमक्या त्या घराला कोणता शाळा-जिल्हा लागतो ते लेखी विचारा.

आता घरपट्टी. इथे मी स्वतः आपटलोय. सरकारी मूल्य बाजारभावाच्या निम्मं धरतात, आणि करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर कर म्हणजे एक मिल. 1994 च्या ‘प्रपोजल ए’ या करसुधारणेनंतर मालक बदलत नाही तोवर करपात्र मूल्य वर्षाला महागाईच्या दराने किंवा 5 टक्क्यांनी, जे कमी असेल तेवढंच वाढतं. वीस वर्षं राहिलेल्या म्हातारबाबांचं बिल त्यामुळे लहान दिसतं. मी विकणाऱ्याच्या बिलावरून हप्त्याचं गणित मांडलं. घर नावावर झालं की पुढच्या वर्षी वाढीवरचं ते झाकण उडतं. सहा लाखांच्या घराला करपात्र मूल्य एकदम तीन लाखांवर जातं, आधी ते दीड लाख का असेना. दुसरी गोष्ट, स्वतः राहत असल्याचा अर्ज असेसरकडे (घरांचं मूल्य ठरवणारा अधिकारी) 1 जूनच्या आत द्या. नाही दिला तर शाळांचे 18 मिलपर्यंत जादा लागतात, म्हणजे तीन लाखांवर 5,400 डॉलर. बिलं जुलै आणि डिसेंबरमध्ये येतात. गोळा टाउनशिपचा खजिनदार करतो, पण बहुतेक पैसा शाळा आणि काउंटीकडे जातो.

पाणी बोअरचं, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये. विक्रीआधी दोन्हींची तपासणी काउंटी सक्तीने करून घेते. तो अहवाल मागा आणि शोषखड्डा किती जुना आहे ते पाहा, बदलायचा म्हटलं तर हजारो डॉलर जातात.

भोवतीची शेतं उद्या प्लॉट होतील का? अ‍ॅन आर्बरच्या मतदारांनी 2003 मध्ये तीस वर्षांसाठी अर्धा मिल कर लावून घेतला. त्यातून आसपासच्या आठ टाउनशिपमधल्या शेतांचे बांधकाम-हक्क विकत घेतात, त्यात वेबस्टरही आहे. तुमच्या शेजारच्या शेताचं काय झालंय ते टाउनशिप हॉलमध्ये सांगतील.

घर बघायला ऑक्टोबरमध्ये येऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर दिसतं. मार्चमध्ये या. बर्फ वितळून खडीच्या रस्त्याचा चिखल झालेला असतो, आणि जड ट्रकना वजनाची मर्यादा लागलेली असते. तुमचं सामान आणणारा ट्रकही त्यातच आला.