पाय ठणकतो, हे डॉक्टरला कोण सांगणार?

प्रश्न: मी सांगलीची, वय 67, मिस्टर गेले तशी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे मेलबर्नला आले, टार्नीटला राहतो. सूनबाई चांगली आहे, तक्रार काही नाही, पण डॉक्टरकडे गेलं की मी दहा वाक्यं बोलते आणि मुलगा दोन शब्दांत उरकतो. पाय ठणकतो, रात्री पोटरीत गोळा येतो, तळवे बधिर होतात, सगळ्याचं त्याच्याकडे एकच, 'पेन'. आणि हल्ली शिंक आली की लघवीचे थेंब जातात, ते मुलासमोर कसं बोलायचं? मग गप्प बसते.

उत्तर: ताई, मुलगा वाईट नाहीये हो, त्याला ऑफिसला पळायचं असतं, आणि 'ठणकणं'ला इंग्लिश शब्द त्यालाही पटकन आठवत नसणार. पण ठणका वेगळा, गोळा वेगळा आणि बधिरपणा तर एकदमच वेगळा, तळवे बधिर म्हटलं की डॉक्टर आधी शुगर बघेल, 'पेन' म्हटलं तर गोळी देऊन मोकळा. म्हणून ह्या कामातून मुलाला सोडवाच.

तिथे सरकारची टीआयएस नॅशनल म्हणून दुभाषांची सर्व्हिस आहे, 131 450, चोवीस तास चालू, दीडशेच्या वर भाषा, त्यात मराठी पण आहे. मेडिकेअर कार्ड, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, असेल तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, दुभाषाचा एक पैसा पडत नाही, फोन क्लिनिकच लावतं. फक्त अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, कारण मराठीवाले ऐनवेळी मिळतीलच असं नाही. 'मराठी इंटरप्रिटर, लेडी प्लीज', एवढं पाठ करा, बाई मागता येते, लाजू नका. दुभाषी मराठी मंडळातलीच कुणी ओळखीची निघाली तर, ही भीती मलाही कळते, पण बोलणं बाहेर न्यायचं नाही हा त्यांचा नियम असतो आणि फोनवर समोरची बाई बहुतेक वेळा भलत्याच शहरात बसलेली असते.

इंग्लिश शिकायचं म्हणाल तर पर्मनंट व्हिसावाल्यांना एएमईपी ह्या सरकारी योजनेचे इंग्लिशचे क्लास फुकट असतात, आधी 510 तासांची मर्यादा होती ती 2021 मध्ये काढली, तुम्हाला लागू होतं का ते मुलाला बघायला सांगा, हे काम त्याचं. जमलं तर जा, नाही तर नाही, पण डॉक्टरकडे जायला इंग्लिश येईपर्यंत थांबू नका.

आणि ते थेंबांचं, ते तुमच्या वयात कितीतरी बायकांना होतं, त्याला व्यायाम असतात. पुढच्या वेळी मुलाला बाहेर बसवा आणि पहिलं तेच सांगा.